भुंग्याचा सूर

“कीबोर्ड उतरलाय,” मी म्हणाले.

तालीम थांबली. चंदरने ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवल्या. कीबोर्डवरच्या तुषारने आधी माझ्याकडे, मग बापू हळिंगळ्यांकडे पाहिलं आणि हसू दाबत म्हणाला, “ताई, कीबोर्ड उतरत नसतो. पेटी उतरते, तबला उतरतो. हे इलेक्ट्रॉनिक आहे.”

“मग काय माझे कान उतरलेत?”

मी चेष्टेने म्हणाले होते. कोणीच हसलं नाही. बापू चष्मा पुसत राहिले. दस्तगीरभाई क्लॅरिनेटच्या तोंडाशी काहीतरी खटपट करत होते, ते मान वर न करता करतच राहिले.

मिरजेतल्या एका शाळेचा हॉल, मे महिना, वरती करकरणारे दोन पंखे. बापूंची पंचाहत्तरी होती. त्यांच्या मुलांनी ठरवलं होतं की सत्कार-बित्कार थोडक्यात उरकायचा आणि बापूंचा जुना ‘नीलतारा’ ऑर्केस्ट्रा येत्या शनिवारी एका संध्याकाळपुरता पुन्हा उभा करायचा. तीस वर्षांपूर्वी बंद पडलेला ऑर्केस्ट्रा. जुन्यांपैकी हाती लागलो आम्ही चौघं: बापू स्वतः, क्लॅरिनेटवाले दस्तगीर मुल्ला, चंदर आणि मी. गाणारी मुलं नवी, तुषार नवा. बापू पूर्वी अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे, पण “खांदा धरलाय” म्हणून ते नुसते समोर उभे राहून हातवारे करत होते.

मी हवाईयन गिटार वाजवायची. दवाखान्यात नर्स होते, म्हणून ऑर्केस्ट्रात मला सगळे सिस्टरच म्हणत. मार्था सातपुते हे नाव फक्त पत्रिकेवर. रात्रपाळ्या बदलून घेऊन, मेट्रनची बोलणी खाऊन मी जत्रांना, उरुसांना, गणपतींना वाजवायला जायची. नीलताराचा प्रत्येक कार्यक्रम एकाच पद्धतीने सुरू व्हायचा. पडदा बंद, दिवे बंद, आणि आतून फक्त माझी गिटार. बापूंनीच बांधलेली एक छोटी धून. तिचा शेवटचा सूर लांबवत न्यायचा, तो हवेत असतानाच पडदा उघडायचा आणि सगळी वाद्यं एकदम त्या सुरावर पडायची.

म्हणजे माझा सूर चुकला तर सगळ्यांचाच चुकला. आणि त्या बुधवारच्या तालमीत तो चुकत होता. ज्यांच्यापर्यंत मी सूर नेऊन पोचवायचा, ती वाद्यं वाजली की मधे काहीतरी घाण व्हायची, दोन चाकं एकमेकांना घासल्यासारखी. आम्ही पाचदा केलं. पाचही वेळा तसंच.

तालमीनंतर बापू मला दाराशी गाठून म्हणाले, “सिस्टर, रागवायचं न्हाई. तुषारच्या ह्या कीबोर्डात गिटारचा पण आवाज हाय. सुरुवातीची धून त्याच्यावर घेऊया काय? तुम्ही स्टेजवर बसायचंच. मानानं बसायचं.”

“गिटार मांडीवर घेऊन, हात बांधून?”

“तसं न्हवं ओ...”

“बापू, शुक्रवारच्या तालमीपर्यंत थांबा. मग सांगा.”

घरी चालत येताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. गुडघे जातात, दात जातात, डोळ्यांत मोती पडतो, हे मी दवाखान्यात आयुष्यभर पाहिलं होतं. पण माझे कान जातील असं मला कधी वाटलं नव्हतं. ‘नीलतारा’त कोणालाही शंका आली की “सिस्टरना विचारा” असं म्हणायचे. माझ्याकडे दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतंच.

*

माझी नात केझिया पुण्याहून सुट्टीला आली होती. ती कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवते, आपली साधी, गळ्यात अडकवायची. गिटारचा आवाज मोठा करणारा माझा जुना अँप केव्हाच बंद पडला होता. सांगलीच्या एका रेडिओवाल्याने बनवून दिलेला तो जुन्या रेडिओसारख्या व्हॉल्व्हचा लाकडी डबा माळ्यावर धूळ खात होता. तालमीत मी हॉलच्या स्पीकरलाच वायर लावून भागवत होते. म्हणून केझीने पहिल्यापासूनच सांगितलं होतं, “आजी, तुला अँप लागतच नाही. लॅपटॉपमध्ये सगळं मिळतं.”

मला ते पटलं नव्हतं, पण दुसरा इलाज नव्हता.

गुरुवारी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. लॅपटॉप, एक लहानशी डबी जिच्यात गिटारची वायर जाते, आणि छोटे स्पीकर. “मी दोन प्रोग्रॅम उतरवून घेतलेत,” ती म्हणाली. “एक जड आहे, एक हलका. आज आपण ठरवायचं कुठला घ्यायचा.”

“जड म्हणजे?”

“ह्यात ढीगभर अँप आहेत. आवाज बदलणारी पेडलं आहेत. काय म्हणशील ते आहे. पण लॅपटॉपला दम लागतो.”

“आणि हलका?”

“त्यात चार अँप, एक थरथर, एक घुमारा. बास. गरीब बिचारा आहे. पण स्टेजवर मान टाकणार नाही.”

तिने जड प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर चित्रातले अँप रांगेने आले, चकचकीत बटणांचे. एकेकाला काय नावं! ‘आइस पॅलेस’, ‘लाव्हा’, ‘ओल्ड ग्रँडपा’.

“हा आजोबा लाव,” मी म्हणाले.

आजोबांचा आवाज सर्दी झाल्यासारखा होता. ‘आइस पॅलेस’मध्ये मी बर्फात पडल्यासारखी वाजत होते. ‘लाव्हा’ लावल्यावर शेजारच्या कुलकर्ण्यांचा कुत्रा भुंकायला लागला. केझी हसून हसून खुर्चीवरून खाली आली. मीही हसले, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं.

“केझी, हात आधी पडतोय आणि आवाज मागून येतोय.”

“आजी, तो उशीर कुणालाच कळत नाही.”

“मला कळतोय. मनगटावर बोट ठेवलंय आणि छातीचा ठोका नंतर ऐकू येतोय, तसं होतंय.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. कुठल्याशा खिडकीत जाऊन आकडा कमी केला. “आता?”

“आता बरं आहे.”

“कमाल आहेस तू. आमच्या बँडमधल्या एकालाही हा फरक कळला नव्हता.” मग तिने हात वर केला. “आता वाजवू नको. नुसती थांब. काय ऐकू येतंय?”

“काही नाही.”

“तेच! ह्याला गेट म्हणतात. हात थांबला की दार बंद. ना घरघर, ना खरखर. तुझ्या त्या डब्यात केवढं घुमायचं ना? बाबा सांगतात.”

घुमायचं खरंच. दिवा लागला की व्हॉल्व्ह तापेपर्यंत शांत, आणि मग एकसारखं गुं... गुं... बापूंनी त्याचं नाव भुंगा ठेवलं होतं. पुढच्या रांगेतले लोक ओरडायचे, ओ, तो भुंगा मारा की! पण आम्हाला तो डबा प्रिय होता. थंडीतल्या उरुसात, उघड्या माळावर, पडदा उघडायच्या आधी सगळे माझ्या अँपभोवती गोळा व्हायचे. वरच्या जाळीतून व्हॉल्व्हची ऊब यायची. दस्तगीरभाई, बापू, सगळे वाकून त्यावर हात शेकत. एकदा दस्तगीरभाईंनी हात शेकता शेकता माझ्या तारेला बोट लावलं आणि असा झटका बसला की टोपी उडाली. तेव्हापासून मी फळीवर पाय ठेवून वाजवायची.

हे मी केझीला सांगत होते आणि सांगता सांगता तारा लावत होते. तिने पडद्यावर सूर दाखवणारा काटा उघडला. “आजी, ह्यात बघून लाव.”

“मला यंत्र सूर सांगणार?”

“लाव तर तुझ्या मनाने. मी बघते.”

मी कानाने लावल्या, नेहमीसारख्या. पहिली तार छेडली. पडद्यावर मधली रेघ हिरवी होती. काटा तिच्या उजवीकडे जाऊन तांबडा झाला आणि तिथेच उभा राहिला. दुसरी तार. तांबडा. सगळ्याच.

आम्ही दोघींनी तो काटा पाहिला. मग केझी हळूच म्हणाली, “थोडं चढं लागतंय. थोडंसंच.”

मी यंत्राचं ऐकून तारा उतरवल्या. हिरवा आल्यावर बार ठेवून धून सुरू केली. हवाईयन गिटारच्या दांडीवर सतारीसारखे पडदे नसतात, नुसत्या रेघा असतात, त्यावरून हातातला लोखंडी बार सरकवायचा. कुठे थांबायचं ते शेवटी कान सांगतो. माझा हात दर वेळी रेघेच्या किंचित पुढे जाऊन थांबत होता. मी डोळ्यांनी रेघ बघून मागे आणायची, आणि लक्ष सुटलं की तो पुन्हा पुढे.

मी बार खाली ठेवला. “कान गेले गं माझे.”

“असं काही नाही आजी...”

“चहा ठेवते.”

त्या दुपारी मी घरभर फिरले. कुकरची शिट्टी झाली की थांबून ऐकायची. दारावरची बेल स्वतःच दाबून बघितली, तीन-चार वेळा, शेवटी केझी आतून धावत आली. चर्चची घंटा झाली तेव्हा अंगणात उभी राहिले. सगळं जसं असायचं तसंच वाटत होतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. कान गेलेल्याला कान गेल्याचं कुठून कळणार?

संध्याकाळी केझी माझ्यासमोर येऊन बसली. “आजी, एक सोय आहे. सांगू की नको कळत नव्हतं.”

“सांग.”

“ह्या जड प्रोग्रॅममध्ये सूर सरळ करणारं एक पेडल आहे. तू कुठेही हात ठेव, ते जवळच्या सुरावर नेऊन बसवतं. गाणारे पण वापरतात. कोणालाही कळत नाही.”

मी गिटार मांडीवर घेतली. तिने ते लावलं. पहिल्यांदा वाजवलं तर सूर घसरत नेणारी मींड जाऊन जिना झाला, एकेक पायरी उतरल्यासारखे सूर. तिने बटण फिरवून ते सैल केलं. मग नीट झालं. फारच नीट. माझा हात पुढे जायचा आणि स्पीकरमधून सूर बरोबर जागेवर यायचा. काटा हिरवा.

“कसं वाटतंय?”

“दुसऱ्याच्या ताटातलं जेवल्यासारखं.”

“मग नको?”

मी दाराबाहेर बघितलं. मानानं बसायचं, असं बापू म्हणाले होते. गिटार मांडीवर, हात बांधून, शेजारी तुषार माझी धून वाजवतोय.

“असू दे ते,” मी म्हणाले. “उद्या तेच लाव.”

*

शुक्रवारच्या तालमीला धून स्वच्छ वाजली. शेवटचा सूर लांबवला, चंदरने ठेका टाकला, वाद्यं येऊन पडली आणि कुठेच काही घासलं नाही. तुषारने अंगठा दाखवला. बापूंनी रुमाल काढून डोळे पुसले. “आल्या! आमच्या सिस्टर आल्या!” ते हॉलभर सांगत फिरले. “काय म्हणत होतो मी? म्हणत होतो की न्हाई?”

केझी लॅपटॉपमागे मान खाली घालून बसली होती. मधेच एकदा सगळं अडकलं, आवाज अर्ध्यात तुटला, तिने घाईघाईने पुन्हा सुरू केलं. “दम लागला त्याला,” ती पुटपुटली. स्टेजवर हेच झालं तर, हा प्रश्न आम्ही दोघींनीही ओठांवर आणला नाही.

निघताना बापू म्हणाले, “सिस्टर, तो जुना डबा अजून हाय काय? आणा की उद्या. वाजला न्हाई तरी चालतंय, शोभेला ठेवूया. लोकांना आठवण येईल.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. लोक रडतील, टाळ्या वाजवतील, आणि मी मान लववेन. कशासाठी?

*

शनिवारी सकाळी केझीने डबा माळ्यावरून उतरवला. दोघींनी मिळून पुसला. समोरच्या जाळीवरचं कापड फाटलं होतं, पण लाकूड शाबूत होतं. “ह्याचा तांबडा दिवा लागला ना आजी, तर स्टेजवर काय दिसेल!” ती म्हणाली.

“चपला घाल आधी पायात. आणि मागे हात लावू नकोस.”

दिवा लागला. गिटारची वायर घालून बघितली, काही नाही. तार छेडली तरी काही नाही. “गेला बिचारा,” केझी म्हणाली आणि लॅपटॉपकडे वळली. संध्याकाळसाठी तिला जड प्रोग्रॅम पुन्हा एकदा तपासायचा होता. काटा उघडाच होता, आणि गिटारची वायर डब्यात असल्यामुळे तो लॅपटॉपचा स्वतःचा माइक ऐकत होता.

थोड्या वेळाने जाळीतून जळक्या धुळीचा वास आला. मग आवाज. गुं... गुं...

“आजी! जिवंत आहे!”

“त्याच्यातून आता तेवढंच येणार. भुंगा.”

मी कोपऱ्यातली फळी आणायला आत जात होते. तेवढ्यात केझीने मागून हाक मारली.

“आजी, इकडे ये.”

पडद्यावर काटा तांबडा होता. मधल्या हिरव्या रेघेच्या उजवीकडे, किंचित पुढे. आणि तो हलत नव्हता.

“गुरुवारी तुझ्या तारांचा काटा कुठे होता?”

मी बोट ठेवलं. काचेवर, काट्यावरच.

तिने वायर डब्यातून काढून लॅपटॉपला लावली. तारा यंत्राच्या हिशेबाने लावलेल्या होत्या. “तुला वाटतं तशा लाव,” ती म्हणाली. “बघू नकोस. मी झाकते.” तिने पडद्यासमोर ताट धरलं. मी तारा लावल्या, कानाने. भुंगा शेजारी चालूच होता. पहिली तार त्याच्याशी अशी मिळाली की दोन आवाज आहेत हेच कळेना.

केझीने ताट बाजूला केलं. पुन्हा तिथेच. एक केसही इकडे तिकडे नाही.

“आजी, कान गेलेला माणूस कधी वर चुकेल, कधी खाली चुकेल. तू दर वेळी तेवढंच चुकतेस. तुम्ही सूर कुठून घ्यायचात?”

मी त्या डब्याच्या जाळीकडे बघत होते. थंडी, उघडा माळ, वाकलेली माणसं, शेकणारे हात. मला तेवढंच आठवत आलं होतं. पण हात शेकताना ते काय करायचे? दस्तगीरभाई क्लॅरिनेट ओठाला लावून एक सूर धरायचे. बापू अ‍ॅकॉर्डियनची एकच पट्टी दाबून डोळे मिटायचे. मी तार पिळायची. गावागावात विजेचा जोर कमी-जास्त व्हायचा, दिवे मंद व्हायचे, भुंगा बारीक व्हायचा, पण त्याचा सूर हलायचा नाही. पहिल्याच वर्षी बापू वैतागून म्हणाले होते, हा काय गप बसत न्हाई, तर ह्याच्याशीच मिळवून घ्या. मग त्यांनी अ‍ॅकॉर्डियनच्या आतल्या सुरांच्या पट्ट्या घासून चढवून घेतल्या. दस्तगीरभाईंनी क्लॅरिनेटचा वरचा सांधा कापून आखूड केला. पुढे त्याची सवय झाली, आणि सवय झाल्यावर कोणी त्याचा विचार केला नाही.

“रिक्षा बोलाव,” मी म्हणाले.

*

बापू त्यांच्या घरी, नुसत्या बनियनमध्ये खाटेवर बसून उन्हाळी पन्हं पीत होते. आम्हाला बघून दचकले. “काय झालं? तब्येत?”

“बापू, काल मी वाजवत नव्हते. मशीन वाजवत होतं.”

मी सगळं सांगितलं. ते पेला हातात धरून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “आणि मी रडलो की ओ तिच्यायला.” मग केझीकडे बघून जीभ चावली.

“बापू, तुमचा अ‍ॅकॉर्डियन कुठाय?”

ते पुन्हा पन्ह्याचा घोट घ्यायला लागले.

“खांद्याला काय झालंय?”

“खांद्याला काय झालं न्हाई, सिस्टर.” त्यांनी पेला खाली ठेवला. “तालमी सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात तुषार घरी आला होता. त्याच्यासंगं वाजवून बघितलं. निस्तं कुत्र्यागत भांडण. मला वाटलं, पट्ट्या गेल्या, न्हाईतर मी गेलो. पंचाहत्तरीला लोकांसमोर शोभा कशाला? पेटीत घालून ठेवला. आणि बुधवारी तुमचं तसंच ऐकल्यावर मला वाटलं, निदान सिस्टरांची तरी शोभा नको.”

बुधवारपासून मी ह्या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हणाले होते.

त्यांनी दस्तगीरभाईंना फोन लावला. पलीकडून आवाज मोठ्याने येत होता, आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. “या अल्ला! मी तर सूर खाली आणायला सांधा ओढून ओढून वाजवतोय! म्हटलं नवीन कवळीनं ओठ ढिले पडले. डेंटिस्टशी भांडून आलो ना मी काल!”

*

दुपारी, कार्यक्रम होता त्या नाट्यगृहात तुषारशी वाद झाला.

“बापू, आख्खं जग एका सुरावर आहे. तुम्हा चौघांसाठी मी सगळं वर न्यायचं?”

“किती बटणं दाबायला लागतात?” केझीने विचारलं.

“दोन. पण प्रश्न बटणांचा नाही. ऑडियन्सला काय फरक पडणार आहे?”

“ऑडियन्सला न्हाई पडणार,” बापू म्हणाले. “आमाला पडतोय न्हवं.”

तुषारने खांदे उडवले. मी डबा सुरू करून ठेवला होता. भुंगा तापला तसा तुषारने एक पट्टी दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने बटण दाबायला लागला. दोन आवाजांमध्ये आधी जोरजोरात थरथर होती. ती हळू झाली. आणखी हळू. मग थांबली.

तुषारचा हात बटणावरच राहिला. पट्टी त्याने बराच वेळ सोडली नाही.

केझीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “आजी, शेवटचं विचारते. जड की हलका? हलक्यात ते सूर सरळ करणारं पेडल नाही. चुकलीस तर चुकलीस.”

“हलका. आणि ते दार उघडं ठेव.”

“गेट? घरघर येईल.”

“येऊ दे.”

सहा वाजता पडद्याआड अंधार झाला. पलीकडे खुर्च्या सरकत होत्या, कोणीतरी खोकत होतं, लहान मुलं रडत होती. मी गिटार मांडीवर घेतली, पाय फळीवर ठेवले. उजवीकडे डब्याचा तांबडा दिवा. शोभेला ठेवलेला, असंच सगळ्यांना सांगितलं होतं. कान आहेत हे कळलं होतं, पण सत्तरीचा हात तीस वर्षांनी लोकांसमोर काय करेल, हे कोणता काटा सांगणार होता?

पहिले दस्तगीरभाई आले. वाकले, कान जाळीशी नेला, क्लॅरिनेटवर हलकेच एक सूर धरला. मग ड्रम सोडून चंदर आला. त्याला सुराशी काही देणंघेणं नव्हतं, तरी आला. शेवटी अ‍ॅकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवलेले बापू, नव्या झब्ब्यात घामाघूम. एक पट्टी दाबून त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच हसले.

मे महिना होता. आत पंखा नव्हता, सगळ्यांचे कपडे पाठीला चिकटले होते. तरी बापूंनी दोन्ही हात पुढे केले आणि डब्याच्या जाळीवर शेकायला धरले. दस्तगीरभाईंनीही धरले.

“आजी, डबा बंद करू का आता?” केझी विंगेतून कुजबुजली. “सुरू करायचंय.”

“नको,” मी म्हणाले आणि बार तारेवर ठेवला.